ओढ्याकडची झाडं

सुंगाई बेनिंग
११ फेब्रुवारी २०१६

तियासचे बाबा,

फोन करायचं मी सोडून दिलं आहे. तुम्ही "हं" म्हणता, मी "हं" म्हणते, आणि या दोन हुंकारांचे पैसे मात्र पूर्ण कापले जातात. म्हणून कागद घेतला. शेजारच्या पाइनेमताईंचा दीर सुरीप दर दोन-तीन महिन्यांनी समुद्रापलीकडे तुमच्या जोहोरला येतो-जातो, त्याच्याच हाती देते आहे. वाचायचं नसेल तर चूल पेटवायला वापरा. पण तुम्ही वाचाल, आधी कपाळाला आठी घालाल आणि मग वाचाल.

तुमचे पैसे पोचले. तियासच्या खात्यात. पोरगी धावत आली, "आई, बाबांनी चुकून माझ्याकडे पाठवले!" मी म्हटलं, चुकून नाही पाठवले. आपल्या वस्तीत नवऱ्याची कमाई बायकोच्या हातात पडते आणि ती त्यातून त्याला सिगारेटपुरते परत देते. तुमच्या वडिलांचं असंच चाललं, माझ्याही. तुम्हाला ते परत घेणं झोंबायला लागलं होतं, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. असो. त्या पैशांतून तियासची फी आणि बसचं भाडं जातं. मी त्यातल्या एका रुपियाला हात लावलेला नाही, लावणारही नाही.

तेलाच्या पामची जुनी झाडं सगळी आडवी झाली. माझ्या बाबांनी जावाहून येऊन लावलेली ती झाडं पाडताना बघवलं नाही, पण ठेवून काय करायचं होतं? इतकी उंच झाली होती की घड कापायला माणूस मिळेना, आणि मिळाला तर घडाच्या किमतीएवढी मजुरी मागायचा. आता नव्या झाडांना फळ धरेपर्यंत तीन वर्षं दर पंधरवड्याची ती कमाई नाही. तुमचं म्हणणं होतं, ओढ्याकडचा हेक्टर आडत्या हसुदुंगानला विकू आणि त्या पैशांवर रस्त्याकडचा उभा करू. मी नाही म्हणाले. त्यावर जंगलं पेटली होती त्या धुराच्या महिन्यात, खोकत खोकत, आपण एकमेकांना जे बोललो ते पुन्हा लिहीत नाही. "या घरात मी तुझा बांधलेला बोकड आहे," एवढं एक तुमचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बोकडाला मी कधी तळलेला मासा वाढला होता ते सांगा.

माझी भिशी लागली. पन्नास लाख रुपिया सकाळी हातात आले आणि संध्याकाळपर्यंत संपले. सरकारी दाखल्याची रोपं घेतली, ती एका हेक्टरला पुरली. रस्त्याकडे लावली. ओढ्याकडे लावायला पैसे उरले नाहीत, पण रोपं होती. विहिरीजवळच्या आपल्या सगळ्यांत चांगल्या झाडाखाली पडलेल्या बिया वेचून तुम्ही परसात पिशव्यांमध्ये वाढवलेली. तुम्ही गेल्यावर त्यांना रोज पाणी घातलं आहे, हे उपकार म्हणून सांगत नाही.

कृषी खात्याच्या बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खाली पडलेल्या बियांची रोपं लावू नका हो, आईबाप कोण ते कळत नाही."

मी म्हटलं, "आई विहिरीजवळ उभी होती, अख्खी वस्ती तिला ओळखते. बापाचं काही सांगता येत नाही."

त्या हसल्या, पण मान हलवतच गेल्या. मी ओढ्याकडे सगळी तुमचीच रोपं लावली. पैसे नव्हते हे एक कारण, आणि तुमच्या हातची होती हे दुसरं.

दोन्ही हेक्टर आपलेच आहेत. कळवावं म्हणून लिहिलं.

मुर्ती


३ ऑक्टोबर २०१६

तियासचे बाबा,

उत्तर आलं नाही. सुरीप म्हणाला, "दादांनी पत्र घेतलं, खिशात ठेवलं." खिशात ठेवलं तेही बरं.

आमचं चाललं आहे. झाडांच्या ओळींमध्ये ऊन भरपूर पडतं, तिथे कलिंगडं लावली. पहिलं पीक चांगलं उतरलं, दुसऱ्याला डुकरांनी हात मारला. आठवड्यातले चार दिवस मी दुसऱ्यांच्या जमिनीत गवत काढायला जाते आणि कापणी असेल तिथे घडातून गळलेली सुटी फळं वेचते. कंबर दुखते. बकरी ईदला दोन बोकड विकले. एकाच्या पैशांतून खत आलं, दुसऱ्याच्या पैशांतून तांदूळ. आधी खताचं बाजूला काढते आणि मग तांदळाचं. तियास म्हणते, "आई, आपल्या आधी झाडं जेवतात." मी म्हटलं, झाडं पुढे पंचवीस वर्षं वाढणार आहेत आपल्याला.

खरा खड्डा पडला तो आहेरांनी. ईद झाली आणि वस्तीत लग्नांची रांग लागली. आपल्या लग्नात, तियासच्या बारशाला कोणी काय दिलं ते पाइनेमताईंना तोंडपाठ आहे, त्यामुळे चुकवायची सोय नाही. मी पाकिटं देणं बंद केलं आहे. केळीचे लोंगर आणि नारळ घेऊन पहाटेच लग्नघरी जाते आणि दुपारपर्यंत भांड्यांवर बसते. राबणाऱ्या बाईला पाकिटाचं कोणी विचारत नाही.

परवा हसुदुंगान आला. मोटरसायकल लावली आणि ओट्यावर बसला.

"वहिनी, चहा पाजा."

"पाजते. जमीन मागायची नाही."

"जमीन कुठे मागतोय? ओढ्याकडची तेवढी द्या."

"ओढ्याकडची काय हवेत आहे?"

तो खो खो हसला. माणूस वाईट नाही. काट्यावर थोडं इकडचं तिकडे करतो, पण कोणाच्या घरी आजारपण आलं तर गाडी त्याचीच असते. म्हणाला, "कासिमनभाऊ नाहीत, बाईमाणूस एकटी किती ओढणार? खत घ्या, तांदूळ घ्या, फळ लागलं की माझ्या काट्यावर आणा, त्यातून कापून घेईन." मी खत घेतलं, तांदूळ नाही घेतला. खाल्लेला तांदूळ फेडताना जीव जातो. खताचं निदान झाडावर दिसतं.

तुमची रोपं जगली सगळी. एकही मेलं नाही.

मुर्ती


२ जुलै २०१७

तियासचे बाबा,

ईदला तुम्ही आला नाहीत. येणार नाही हे माहीत होतं, तरी आदल्या दिवशी केळीच्या पानात भात बांधताना तुमच्या वाटणीचाही बांधला. दुसऱ्या दिवशी तो तियासने आणि मी नाश्त्याला खाल्ला.

तुम्ही तियासला फोनवर विचारलंत, "ओढ्याकडची झाडं कशी आहेत?" माझं विचारलं नाहीत. मी शेजारीच कांदा चिरत होते, सगळं ऐकू येत होतं. ठीक आहे, झाडांचं तर झाडांचं.

तुमची झाडं छान आहेत. दीड वर्षात त्यांच्यातली काही रस्त्याकडच्यांपेक्षा हातभर उंच झाली. पानं अशी हिरवी की पाइनेमताई थांबून बघतात. पहिले फुलोरे येऊ लागले आहेत, ते आम्ही मायलेकी काढून टाकतो, म्हणजे झाडाची ताकद वाढण्यात जाते. तियासला ते आवडत नाही. "आलेलं तोडायचं कशाला?" म्हणते. तिला सांगितलं, एवढ्यात फळ मागितलं तर झाड खुरटं राहतं.

भिशीच्या बायका मला सोडत नाहीत. परवा एक म्हणाली, "मुर्ती, नवरा जोहोरला आणि त्याची पोरं ओढ्याकाठी, बाई तू नशीबवान, रात्री घोरायला कोणी नाही!" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. मला तुमचा राग आहे. आणि रस्त्यावर मोटरसायकल थांबली की मी बाहेर येऊन बघतेही. दोन्ही एकाच वेळी होतं, त्याला मी काय करू?

हसुदुंगान पुन्हा येऊन गेला. चहा पिऊन गेला, एवढंच.

मुर्ती


१४ ऑक्टोबर २०१८

तियासचे बाबा,

या वेळचे पैसे माझ्या नावावर आले. मी पोस्टात दोनदा नाव वाचलं, तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, तुमचेच आहेत, घ्या." त्यातले सिगारेटपुरते बाजूला काढून ठेवले आहेत. पुरुषमाणूस घरात नसला तरी त्याचा वाटा काढायचा असतो.

फळ धरलं. पहिल्या कापणीला रस्त्याकडून बऱ्यापैकी माल निघाला. घड लहान आहेत, पण भरलेले. भाव पडलेला आहे, किलोला हजार रुपियावर जात नाही. मजूर लावला नाही. झाडं अजून ठेंगणी आहेत, घड उभ्यानेच कापता येतात. मी कापले, तियासने ढकलगाडी ओढली. हसुदुंगानचं खताचं देणं फिटायला सुरुवात झाली.

ओढ्याकडेही धरलं आहे.

तियास बारावीला आहे. पुढे जांबी शहरात नर्सिंग करायचं म्हणते. बघू कसं बसतं ते.

जपून राहा. पायाला लागलंय म्हणून सुरीप सांगत होता, तर तिकडच्या डॉक्टरला दाखवा, हळद लावून बसू नका.

मुर्ती


१९ फेब्रुवारी २०१९

तियासचे बाबा,

तुमचं पत्र मिळालं. साडेतीन वर्षांत पहिलं. तियासने मोठ्याने वाचायला घेतलं, तेव्हा तिच्या हातातून काढून मी आधी स्वतः वाचलं. ईदला येणार, आल्यावर ओढ्याकडे आपल्या झाडांखाली शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवून प्रार्थना आणि जेवण करायचं, एक कोंबडा नाही, दोन कापायचे, हे सगळं वाचलं. किती दिवसांनी तुमचा आवाज ऐकल्यासारखं झालं.

आणि काल सुरीप रिकामी गोणी घेऊन दारात.

"वहिनी, ओढ्याकडच्या झाडांखालच्या बिया द्या. कासिमनदादांनी सांगितलंय. मीपण माझ्या जमिनीत तीच लावणार. दादा तिकडे सगळ्यांना सांगतात, माझी झाडं वस्तीत सगळ्यांत उंच!"

मी त्याला तळलेली केळी खाऊ घातली आणि गोणी रिकामीच परत पाठवली. तो नाराज झाला. का ते त्याला सांगितलं नाही, कारण ते आधी तुम्हाला कळायला हवं.

पामचं फळ मधोमध कापलं की सगळं दिसतं. रस्त्याकडच्या फळात कवच पातळ आणि गर जाड. ओढ्याकडच्या निम्म्या झाडांचं फळ अगदी तसंच आहे. हे आधी नीट वाचा आणि मगच पुढे जा. उरलेल्यांतल्या काहींत कवचच कवच आहे, गर नावाला. आणि तीसेक झाडं वांझ आहेत. त्यांना घड येतो, पण पिकायच्या आधीच काळा पडून कुजतो. सहा महिने वाट पाहिली, खत बदलून पाहिलं, पाइनेमताईंनी मीठ टाकायला सांगितलं तेही टाकलं. काही झालं नाही.

ती वांझ झाडंच सगळ्यांत उंच आहेत. त्यांना फळ पोसायचं नाही, त्यामुळे सगळं खत पानांत जातं. मी तुम्हाला कौतुकाने लिहिलं होतं ती हीच.

मला पहिल्यांदा कळलं ते काट्यावर. हसुदुंगानने ढिगातलं एक फळ उचललं, चाकूने कापलं आणि माझ्यापुढे धरलं.

"वहिनी, हे ओढ्याकडचं ना? हे वेगळं मोजतो."

"वेगळं कशाला?"

"यात तेल कुठाय? हे जास्त भरलं तर कारखान्यातून माझी गाडी परत येते. भाव कमी लागेल, रागावू नका." मग चाकू पुसत म्हणाला, "ती जमीन अजून घेईन मी. तेव्हाचा भाव मात्र आता नाही मिळायचा."

ऑक्टोबरात मी हे लिहिलं नाही, कारण तेव्हा पैसे माझ्या नावावर आले होते. एवढी एक गोष्ट जुळली होती, ती मला मोडायची नव्हती.

आता विचारते ते मनापासून विचारते. ओढ्याकडचा हेक्टर विकायचा का? तेव्हा मी तुमचं ऐकलं नाही, कारण जमीन माझ्या बाबांची होती. आता तिच्यावर झाडं तुमची आहेत. तुम्ही विक म्हणालात तर मी सही करेन आणि पुन्हा तो विषय काढणार नाही. मला विचाराल तर विकू नये. पण या वेळी मी विचारते आहे, सांगत नाही.

सुरीप पुढच्या आठवड्यात निघेल. तो तुम्हाला गोणीचं गाऱ्हाणं सांगेल, त्याच्याआधी हे वाचा.

मुर्ती


२ मे २०१९

तियासचे बाबा,

काल तुमचा फोन आला आणि मध्येच तुटला की तुम्ही तोडलात ते कळलं नाही. जे बोलायचं राहिलं ते लिहिते. सुरीप उद्या सकाळीच निघतो आहे.

तुम्ही "मुर्ती" म्हणून हाक मारलीत. तियासची आई नाही, अगं नाही, सरळ मुर्ती. मग म्हणालात, "विकू नकोस." मी "बरं" म्हटलं. आणि मग विचारलंत, "बायका हसल्या का गं माझ्यावर?"

हसल्या. खोटं कशाला सांगू? पाइनेमताई म्हणाल्या, "कासिमनची झाडं कासिमनसारखीच, उंच आणि रुसलेली." मीही हसले. पण त्याच पाइनेमताईंच्या मागच्या बांधाला दहा-बारा झाडं तशीच निघाली, त्यांनीही आपल्या विहिरीजवळच्या झाडाखालूनच बिया वेचल्या होत्या, तुमच्या देखत. तेव्हापासून त्या विषय बदलतात. ज्याच्या घरी चांगलं झाड होतं त्या प्रत्येकाने हेच केलं. चांगल्या झाडाची बी चांगली निघेल असं कोणाला वाटणार नाही?

मग तुम्ही म्हणालात, "सगळी काढून टाक ती." सगळी नाही काढायची. निम्मी उत्तम आहेत, जाड कवचाची आहेत तीही थोडंफार देतात, ती राहू देत. फक्त वांझ तेवढी. ती मी अजून पाडलेली नाहीत. मजूर विचारायला आला होता, त्याला नाही म्हटलं.

आणि शेवटी ते तुमचं, "या ईदला नाही येत. अजून एक वर्ष काढतो. नवी रोपं, खत, हसुदुंगानचं देणं, सगळं उरकतो. रिकाम्या हाताने कसा येऊ?"

म्हणून काल दिवसभर मी मांडत बसले होते, तुमच्या पैशांशिवाय घर कसं बसतं ते. बसतं. रस्त्याकडची कापणी आता दर पंधरवड्याला नीट येते. त्यातून खताचं आधी काढते, मग तियासची फी, मग तांदूळ. हसुदुंगानचं राहिलेलं बकरी ईदच्या बोकडांवर फिटेल. यंदा तीन आहेत आणि एक चांगला माजला आहे. नवी रोपं भिशीवर. माझा नंबर या महिन्यात नव्हता, पाइनेमताईंनी त्यांचा मला दिला. हसल्याची भरपाई असेल. वांझ झाडं पडली की तिथे ऊन येईल, त्या जागेत मिरची लावू, दोन वर्षं तरी निघेल. ईदनंतरचे आहेर केळीवर आणि माझ्या कमरेवर भागतील. तियास जांबीला खोली करून न राहता पाइनेमताईंच्या बहिणीकडे राहायला तयार आहे. साबणापासून पेट्रोलपर्यंत सगळं घालून पाहिलं. थोडी ओढाताण होईल, पण बसतं.

तुम्ही म्हणता ते वर्ष मात्र बसत नाही. ते कुठे घालायचं ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं. तांदूळ कमी करून जमण्यासारखं असतं तर केला असता, आणखी चार दिवस गवत काढून जमलं असतं तर काढलं असतं. तीन वर्षं मी सगळं काही कशात ना कशात बसवलं, तुमचं नसणंसुद्धा. आता नाही जमत मला. मी थकले आहे आणि मला तुम्ही घरात हवे आहात, पैसे घेऊन नव्हे.

ईदच्या आधी या. रिकाम्या हाताने या.

मुर्ती